विनाग्राची आई

असोळण्यातलं घर भाड्यानं घेतलं तेव्हा
करारात पिंप नव्हतं.
दोन खोल्या, विहिरीचा वापर, वीजबिल वेगळं.
पिंपाचं एर्मेलिंदमाय अगदी शेवटी बोलली,
लिस्बनला लेकाकडे निघायच्या आदल्या रात्री,
बॅगेवर बसून चेन ओढता ओढता:
"दर शनिवारी रुजार येईल. तांब्याभर सूर ओत.
ढवळू नको. आत आई आहे."

आई म्हणजे साय.
जाड, बुळबुळीत, गाईच्या जिभेसारखी,
आंबट काळोखावर तरंगणारी.
सासूच्या सासूकडून आलेली,
एका पावसात पिंप फुटलं तेव्हा मातीत गेलेली
आणि शेजारच्या पिएदादकडून वाटीभर परत मागून आणलेली.
तळाशी कौलाचा तुकडा, निखाऱ्यात लाल करून सोडलेला,
चार सुक्या मिरच्या,
बाकी मला माहीत नाही.

मी सावंतवाडीची. आरोग्य केंद्रात नर्स.
आमच्याकडे आंबट म्हणजे सोलं, फार तर चिंच,
आणि डुकराचं नावही जेवताना काढायचं नाही.
पिंप मात्र आमच्याकडेही पिंपच.
तो शब्द तारवातून उतरला म्हणे.
मला इतकी वर्षं आजोळचा वाटत होता.
"परातसुद्धा," ती म्हणाली होती, "आणि तुझा पगारसुद्धा,"
आणि हसता हसता खोकली होती.

पहिलं वर्ष नाक दाबून ओतलं.
रुजार माडावरून उतरायचा, कमरेला काती,
दुदिण्यात सूर अजून बुडबुडत,
"आईक भूक लागली?" विचारायचा दारातूनच.
दुसऱ्या वर्षी त्याच्या गुडघ्यातलं पाणी मी काढलं
आणि सांगितलं, आता चढायचं नाही.
तो तसा ऐकणारा नव्हता, पण गुडघा ऐकेना.
मुलगा बोटीवर. माड तसेच राहिले.
तेव्हापासून शनिवारी ड्यूटी संपली की
स्कूटरवर चिंचणीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे,
कुणी अजून चढतंय का विचारत.
डब्यात इंजेक्शनं असावीत असं लोकांना वाटायचं.

फोन यायचा नाताळात.
"विंदालू केलं," एकदा म्हणाली, आणि गप्प.
मी सांगितलं, कोल्हापुरात खाल्लं होतं एका लग्नात,
बटाट्याचं.
पलीकडून इतकं मोठं हसू आलं की
फोन कानापासून लांब धरावा लागला.
"आलू नव्हे गं बाये! आल्यु. लसूण.
दारू आणि लसूण, एवढंच होतं त्यांचं.
मांस टिकावं म्हणून, लांबच्या वाटेवर.
इथं येईपर्यंत दारू संपली असणार,
मग आमच्या माडाला हात लावला."

मग हळू आवाजात:
"इथं सगळं आहे. द्राक्षांचं विनाग्र,
लसूण, डुक्कर, जिथलं तिथलं.
तरी लागत नाही.
वाल्मीर म्हणतो, मामा, हेच असल.
मी म्हटलं, असेल.
मला नकली लागतं."

त्यानंतरच्या नाताळात फोन वाल्मीरनं केला.
घर विकायचं म्हणाला. सामानाची यादी मागितली.
मी लिहून दिली: कपाट एक, पलंग दोन,
आल्तार एक, त्यातली मेणबत्ती अर्धी.

माझीही बदली आली, पेडण्याला.
निघताना सलाईनची रिकामी बाटली उकळून घेतली,
चमच्यानं सायीचा एक काठ उचलला,
तो थरथरला, मीही.
वाटीभर पिएदादच्या सुनेला दिली. तिला जड वाटलं नाही,
तिनं फक्त विचारलं, "कितीदा?"

पेडण्यात माड खूप आहेत, चढणारा एकच.
बांगड्याला लावते. डुकराला अजून नाही.
शनिवारी बाटलीचं बूच काढते
तेव्हा खोलीभर ते घर येऊन बसतं,
बॅगेवर, पाय हलवत.
मी ढवळत नाही.